अपडेट उतरले, पण रीस्टार्ट झाले का?

आमच्या एएमसीतील (वार्षिक देखभाल करारातील) ग्राहकांसाठी माहितीपत्रक: दुकाने, सीए कार्यालये, दवाखाने आणि भोसरी-चाकणची वर्कशॉप

महिन्यातून एकदा आम्ही तुम्हाला संगणक रीस्टार्ट करायला सांगतो आणि बहुतेक वेळा उत्तर येते, "आत्ता नको, बिलिंग चालू आहे." समोर गिऱ्हाईक उभे असताना ते साहजिकच आहे. पण त्या एका रीस्टार्टवर काय काय अवलंबून असते हे तुम्हाला कुणी नीट समजावून सांगितलेले नसते. ते काम आमचे आहे, म्हणून हे पत्रक. थोडे लांब आहे, सवडीने वाचा.

विंडोज असो, लिनक्स असो की फोनमधले अँड्रॉइड, प्रत्येकाच्या गाभ्यात कर्नेल नावाचा प्रोग्रॅम असतो. टॅली, एक्सेल, ब्राउझर हे सगळे त्याच्याकडे मागणी करतात: ही फाइल उघड, एवढी मेमरी दे, हे प्रिंटरला पाठव. मागणाऱ्याला तेवढा अधिकार आहे का हे कर्नेल तपासतो आणि मगच काम करतो. तुमचा पासवर्ड, 'हे फोल्डर फक्त मालकांनाच दिसावे' ही सोय, एकाच्या लॉगिनमधून दुसऱ्याचे काही दिसू नये ही व्यवस्था, सगळे कर्नेलच्या जोरावर चालते. "आमच्याकडे अँटिव्हायरस आहे की," असे बरेच जण म्हणतात. अँटिव्हायरस हवाच, पण तोही कर्नेलच्याच भरवशावर काम करतो. कर्नेलचा ताबा दुसऱ्याकडे गेला की अँटिव्हायरस बंद करणे हे त्याचे पहिले काम असते.

कर्नेलमध्ये चुका राहतातच कशा? एकट्या लिनक्स कर्नेलच्या ३ कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्यातला बहुतेक भाग सी भाषेत आहे. या भाषेत वापरलेली मेमरी परत करण्याची आणि नंतर तिला हात न लावण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. भाडेकरूने फ्लॅट सोडला, पण एक किल्ली त्याच्याकडेच राहिली. नवे कुटुंब राहायला आल्यावरही तो आत शिरू शकतो. मेमरीच्या बाबतीत नेमके हेच घडते, आणि विंडोज व लिनक्स दोन्हींच्या कर्नेलमध्ये या जातीच्या चुका वर्षानुवर्षे सापडत आल्या आहेत.

हल्ला सहसा दोन पायऱ्यांत होतो. कुरिअरच्या बिलासारखी दिसणारी एखादी फाइल मेलने येते, काउंटरवरचा मुलगा ती उघडतो आणि एक प्रोग्रॅम चालू होतो. त्याला अधिकार मिळतात ते त्या मुलाच्या लॉगिनचे, म्हणजे बेताचेच. नुकसान इथेच थांबू शकते. पण कर्नेलमध्ये माहीत असलेले भोक बुजवलेले नसेल, तर तोच प्रोग्रॅम त्यातून ॲडमिनिस्ट्रेटरच्याही वरचे अधिकार मिळवतो, बॅकअप पुसतो, नेटवर्कवरच्या बाकी संगणकांकडे वळतो आणि मग सगळ्या फाइलींना कुलूप लावून पैसे मागतो.

भोक बुजवले जाते, त्याच दिवशी ते सगळ्यांना कळते

आमच्या मते या पत्रकातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा. दुरुस्ती जाहीर झाली की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदलले ते कोणालाही तपासता येते. बदल जिथे आहे, तिथेच चूक होती. जे भोक काल मोजक्या लोकांना ठाऊक होते, ते आज जगभरच्या चोरांना दिसते. म्हणजे दुरुस्ती आल्यानंतरचे दिवस हे ती न लावलेल्या संगणकासाठी आधीच्या दिवसांपेक्षा जास्त धोक्याचे असतात. "इतकी वर्षे काही झाले नाही, अजून महिना गेला तर काय बिघडते?" या प्रश्नाला आमचे हेच उत्तर आहे.

२०१७ चे उदाहरण घ्या. विंडोजमध्ये फाइल शेअरिंगचा जो भाग कर्नेलमध्येच चालतो, त्यात एक गंभीर चूक होती. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला तिची दुरुस्ती दिली. बरोबर महिन्याने, १४ एप्रिलला, त्या चुकीचा फायदा घेणारे तयार हत्यार इंटरनेटवर उघड झाले. ते अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून फुटलेले होते. १२ मे रोजी फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा 'वॉनाक्राय' हा प्रोग्रॅम सुटला आणि काही दिवसांत सुमारे १५० देशांतले २ लाखांहून अधिक संगणक त्याने गाठले. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. कुणी मेल उघडण्याचीही गरज नव्हती, तो नेटवर्कवरून आपोआप पसरत होता. विंडोज ७ वापरणाऱ्यांसाठी दुरुस्ती जवळजवळ २ महिने तयार होती. ज्यांनी ती लावली, त्यांच्या संगणकांत तो त्या वाटेने शिरू शकला नाही.

लिनक्सवाले यातून सुटलेले नाहीत. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये उघडकीला आलेली 'डर्टी काऊ' ही चूक २००७ पासून कर्नेलमध्ये होती. २०२२ च्या 'डर्टी पाइप'ची गोष्ट तर आम्ही नव्या मुलांना मुद्दाम सांगतो. जर्मनीतल्या एका होस्टिंग कंपनीत मॅक्स केलरमन यांच्याकडे तक्रार आली, की सर्व्हरवरून उतरवलेल्या लॉग फाइल (सर्व्हरच्या कामाच्या नोंदी) उघडत नाहीत. फाइल दुरुस्त करून दिली, तक्रार मिटली. पुढे पुन्हा तसेच झाले, मग पुन्हा. त्यांनी पाठ सोडली नाही आणि शोधत शोधत थेट कर्नेलपर्यंत पोहोचले. मेमरीतला एक खुणेचा आकडा वापरण्याआधी कोरा करायचा राहून गेला होता. त्यामुळे साधा वापरकर्ताही, जी फाइल त्याला फक्त वाचायची परवानगी आहे, तिच्यात बदल करू शकत होता; तिथून पूर्ण ताबा मिळवणे अवघड नव्हते. २० फेब्रुवारीला त्यांनी कर्नेलच्या सुरक्षा गटाला कळवले, २३ तारखेला दुरुस्त आवृत्त्या बाहेर पडल्या, ७ मार्चला जगाला सांगितले. मूळ दुरुस्ती दोन ओळींची होती. अशी शिस्तशीर, जबाबदार माणसे या कामात आहेत म्हणून आपले व्यवहार चालतात. त्यांनी ३ दिवसांत केलेली दुरुस्ती आपल्या टेबलापर्यंत येऊन ३ महिने पडून राहावी, हे आम्हाला खरोखर खटकते.

शटडाऊन म्हणजे रीस्टार्ट नव्हे

संगणक चालू झाला की कर्नेल डिस्कवरून मेमरीत येतो आणि बंद होईपर्यंत तिथेच चालत राहतो. अपडेट उतरते तेव्हा डिस्कवरची प्रत बदलते. मेमरीत मात्र जुनाच, भोक असलेला कर्नेल काम करत असतो. नवा कर्नेल येतो तो रीस्टार्ट झाल्यावरच.

"पण आम्ही रोज रात्री बंद करूनच जातो." इथे एक फसगत आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाऊन करताना विंडोज कर्नेलची अवस्था डिस्कवर साठवून ठेवते आणि सकाळी तीच परत उचलते. संगणक लवकर सुरू होतो, पण कर्नेल मात्र नव्याने सुरू होत नाही. महिनाभर रोज बंद केलेला संगणक टास्क मॅनेजरमध्ये 'गेले २५ दिवस चालू' असे दाखवतो, ते यामुळे. 'रीस्टार्ट' निवडले, तरच सगळे मुळापासून सुरू होते. मेनूत 'अपडेट अँड रीस्टार्ट' दिसत असेल तर तेच निवडा. आमच्या देखरेखीतल्या संगणकांवर आम्ही फास्ट स्टार्टअप बंद करून ठेवतो. सकाळी थोडे सेकंद जास्त लागतात, त्याबद्दल तक्रार नसावी.

लिनक्स सर्व्हरवर चालू कर्नेलमध्येच मेमरीत दुरुस्ती करण्याची 'लाइव्ह पॅच' पद्धत आहे. रात्रंदिवस चालणाऱ्या रुग्णालयांसाठी आम्ही ती वापरतो. पण तिने सगळ्या चुका दुरुस्त होत नाहीत, त्यामुळे त्या सर्व्हरलाही अधूनमधून रीस्टार्टची वेळ द्यावीच लागते.

आमचे वेळापत्रक

मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणून बुधवारी सकाळी त्या हाती लागतात. आधी आम्ही त्या स्वतःच्या संगणकांवर लावतो आणि टॅली, डीएससी (डिजिटल सही) टोकन, बारकोड प्रिंटर, हजेरीचे बायोमेट्रिक मशीन हे सगळे चालवून बघतो. मग तुमच्याकडे. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मध्ये येतो आणि ११ तारीख जीएसटीआर-१ या जीएसटी विवरणपत्राची, २० तारीख जीएसटीआर-३बी ची. म्हणून सीए कार्यालयांत या दोन तारखा आणि त्यांचे आदले दिवस आम्ही सोडतो. भोसरीच्या वर्कशॉपना गुरुवारची सुट्टी असते, पण महावितरणचे देखभालीचे कामही त्याच दिवशी असते. तिथे वीज परत आल्यावर, दुपारनंतर. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जूनमध्ये दिवसा हात लावण्याचा प्रश्नच नाही, शटर खाली आल्यावरच येऊ.

याला एकच अपवाद. एखाद्या चुकीचा वापर करून हल्ले आधीच सुरू झाले असतील, तर चाचणीचे दिवस आम्ही कमी करतो आणि थेट फोन करतो. त्या दिवशी २० तारीख असली तरी रीस्टार्टपुरता वेळ द्या.

अपडेटने काम बिघडते, ही भीती खोटी नाही. मार्च २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरला प्रिंट देताच निळा स्क्रीन येत होता. दुरुस्तीची दुरुस्ती यायला काही दिवस गेले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल तिच्या कर्नेलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरने वाचली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. कर्नेलमधली चूक अख्खा संगणक खाली आणते, म्हणूनच आम्ही चाचणी करतो, आधी बॅकअप घेतो आणि लिनक्सवर जुना कर्नेल काढून न टाकता सुरुवातीच्या मेनूत ठेवतो, म्हणजे गरज पडली तर त्यावर परत जाता येते. चाचणीसाठी ४-५ दिवस थांबणे आम्हाला पटते. अपडेट कायमचे बंद करून ठेवणे पटत नाही, आणि कुणी तसे करून दिले असेल तर आम्ही ते पुन्हा चालू करू.

अपडेट चालू असताना टक्केवारी एका जागी अडकलेली दिसली तरी पॉवरचे बटण दाबून धरू नका. तासभर वाट पाहा आणि आम्हाला फोन करा. यूपीएसची बॅटरी दोन मिनिटेही टिकत नसेल तर ती आधी बदलू. अपडेटनंतर कधी कधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती छापून तिजोरीत ठेवा, त्याच संगणकातल्या फाइलमध्ये नको.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतरच्या दुरुस्त्या फक्त वाढीव सुरक्षा योजनेत नोंदवलेल्या संगणकांना मिळतात. नोंद नसलेला संगणक छान चालतो, पण नवीन सापडलेली भोके त्यात उघडीच राहतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे प्रत्येक जुना संगणक वर नेता येत नाही. एखादा फक्त सीएनसी मशीनला प्रोग्रॅम देण्यासाठी असेल तर त्याचे इंटरनेट काढून तो चालू ठेवता येईल. नुसते ब्राउझरचे काम असेल तर लिनक्स घालून देऊ. बँक आणि जीएसटीचे काम मात्र अशा जुन्या विंडोजवर करू नका. परवाना न घेता 'ॲक्टिव्हेटर' वापरून चालू केलेले विंडोज आम्ही एएमसीत घेत नाही. अँटिव्हायरस बंद करायला लावणाऱ्या त्या प्रोग्रॅमने आत आणखी काय ठेवले हे कुणालाच सांगता येत नाही.

खरे अपडेट सेटिंग्जमधूनच येते. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक, ब्राउझरमध्ये उघडलेली 'आपला संगणक धोक्यात आहे' अशी खिडकी आणि खाली फोन नंबर, किंवा स्क्रीन शेअर करायला सांगणारा अनोळखी आवाज, हे अपडेट नव्हे. आमच्या नावाने फोन आला आणि शंका वाटली, तर तो ठेवा आणि बिलावरच्या नंबरवर उलट फोन करा.

फाइली अचानक उघडेनाशा झाल्या, तर नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय बंद करा, संगणक तसाच चालू ठेवा आणि लगेच कळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवायचा असतो. ते पत्र आम्ही तयार करून देतो.

सोबतच्या कागदावर प्रत्येक संगणकापुढे दोन गोष्टी लिहून द्या: तो कोणत्या वारी किती वाजता रीस्टार्ट केलेला चालेल, आणि त्या वेळी दुकानाची किल्ली कोणाकडे असेल.