56 एपीओ: गावाचं नाव नसलेला पत्ता

पोरगा फौजेत गेला की घरचे आधी बुचकळ्यात पडायचे ते त्याच्या पत्त्याने. फौजी नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ‘मार्फत 56 एपीओ’, म्हणजे 56 नंबरचं आर्मी पोस्ट ऑफिस. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. हे मुद्दाम आहे. पाकीट कोणाच्याही हाती पडलं तरी पलटण कुठे आहे ते कळू नये. 56 चं टपाल दिल्लीत गोळा होतं, पूर्वेकडच्या 99 एपीओचं कोलकात्यात. युनिटचा आजचा मुक्काम तिथे ठाऊक असतो, थैली तिथून फील्ड पोस्ट ऑफिसला, म्हणजे पलटणीसोबतच्या लष्करी टपाल कचेरीला जाते. पलटण हलली तरी घरच्यांनी पत्ता बदलायचं काम नाही.

गडबड व्हायची ती हुशारीने. कोणी खाली ‘लेह’ लिहिलं की पत्र नागरी टपालात शिरून भटकायचं. फौजी नंबर लिहायचा राहिला तर एकाच कंपनीत त्याच नावाचे दोघे निघायचे.

हिंदी फौजेबरोबर फील्ड पोस्ट ऑफिस पहिल्यांदा गेलं ते 1856 च्या इराण मोहिमेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं तिथल्याच बुलोन बंदरात उघडून वाचली जायची. त्या काळात छापील वाक्यांचं कार्डही होतं: नको ती वाक्यं खोडायची, सही-तारखेशिवाय एक शब्द जास्त लिहिला की कार्ड फाडलं जाई. लष्करी टपालाचं स्वतंत्र कोअर, म्हणजे दल, झालं 1 मार्च 1972 ला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला पिनकोड आला आणि 9 हा पहिला आकडा फौजेला मिळाला. या कोअरचं केंद्र आपल्याच नागपूरजवळ, कामठीला. तिथली बरीचशी माणसं टपाल खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेली असतात.

गावाकडे पत्र मास्तर वाचून दाखवायचे आणि उत्तरही तेच लिहायचे: पऱ्हाटी कशी आहे, बैल विकला का, पोळ्याला सुट्टी मिळते का. मागचं पत्र आधी, पुढचं नंतर असं व्हायचं, म्हणून जाणते जवान वरच्या कोपऱ्यात क्रमांक टाकत. मनीऑर्डरच्या कुपनावर दोन ओळींची जागा असे. कित्येक घरांत खुशाली तेवढीच. तार आली मात्र की वाचायच्या आधीच रडारड सुरू.

कारगिलच्या वेळी, 1999 मध्ये, गावात फोन म्हणजे एसटीडी बूथ. जवान बूथवर फोन लावून ‘दहा मिनिटांनी परत लावतो’ सांगायचा, तोवर बूथवाल्याचं पोरगं शेताकडे पळत जाऊन आईला घेऊन यायचं. तारसेवा जुलै 2013 मध्ये थांबली. राखी मात्र अजून ‘मार्फत 56 एपीओ’ लिहूनच जाते, तीही बरीच आधी टाकावी लागते.