आंतरपृष्ठ लेसर वर्णपटविज्ञान

दोन पदार्थ जिथे एकमेकांना भिडतात ती सीमा म्हणजे आंतरपृष्ठ. तिथल्या रेणूंच्या एकदोन थरांचीच माहिती लेसरने मिळवण्याच्या पद्धतींना हे नाव आहे.

खानदेशात आंतरपृष्ठ बघायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. केळीच्या पानावर पाणी टाकले की ते पसरत नाही, गोळी होऊन घरंगळते, कारण पानावर मेणाचा थर असतो. म्हणून पानावरच्या करपा रोगावर फवारताना रावेर-यावलकडचे शेतकरी पंपात औषधासोबत थोडे स्टिकर, म्हणजे चिकटवणारे द्रव्यही टाकतात. मग थेंब चपटा होऊन पानाला धरून राहतो. स्टिकरच्या रेणूचे डोके पाण्यात रमते, शेपटी पाण्यापासून लांब पळते. त्यामुळे हे रेणू सीमेवरच गर्दी करतात, आणि त्या गर्दीची जाडी असते एकदोन नॅनोमीटर.

अडचण इथेच आहे. १ मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबात अगदी वरच्या थरातले रेणू साधारण दहा लाखांत एक इतकेच भरतात. नेहमीचा अवरक्त वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख, घेतला तर त्यात थेंबाच्या पोटातले पाणीच दिसते.

यावरचा उपाय अरैखिक प्रकाशविज्ञानातून आला. तीव्र प्रकाश पडल्यावर पदार्थ नव्या रंगाचा प्रकाश कसा देतात, याचा हा अभ्यास. १९६१ मध्ये पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी माणिक लेसरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्‌झमधून सोडला आणि दुप्पट कंप्रतेचा (कंप्रता म्हणजे सेकंदाला होणारी कंपने), म्हणजे ३४७ नॅनोमीटरचा किरण मिळवला. छापताना त्या किरणाचा फिकट ठिपका डाग समजून पुसला गेला, असे सांगतात. शोधनिबंधातला बाण त्यामुळे रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो. पुढच्याच वर्षी निकोलास ब्लूमबर्गेन आणि पीटर पर्शन यांनी अशा अरैखिक माध्यमांच्या सीमेवर प्रकाश कसा वागतो याचे गणित मांडले. ब्लूमबर्गेन यांना १९८१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या पद्धतींची खरी किमया सममितीत आहे. द्रवाच्या पोटात रेणूंची तोंडे सगळीकडे असतात. एकाने निर्माण केलेली दुप्पट कंप्रतेची लहर उलट तोंडाचा दुसरा रेणू खोडून काढतो. सीमेवर वर हवा, खाली पाणी. तिथे ही उलटापालट चालत नाही आणि लहर शिल्लक राहते. पोटातला संकेत गाळून काढण्याची गरजच पडत नाही, तो जवळपास तयारच होत नाही.

यातली सर्वांत उपयोगी पद्धत म्हणजे बेरीज-कंप्रता वर्णपट. बर्कलीच्या वाय. आर. शेन यांच्या गटाने १९८७ मध्ये तिने आंतरपृष्ठाचे पहिले कंपन-वर्णपट मिळवले. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा आणि कंप्रता बदलता येणारा अवरक्त असे दोन किरण एकाच जागी, एकाच क्षणी पाडतात. दोघांच्या कंप्रतांची बेरीज होऊन तिसरा किरण निघतो. अवरक्त किरणाचा तरंगांक, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये बसणाऱ्या लहरींची संख्या, २९०० च्या आसपास असेल, तर बेरजेचा किरण ४६१ नॅनोमीटरला, निळा येतो. रेणूतल्या बंधाच्या कंपनाशी अवरक्त कंप्रता जुळली की हा निळा प्रकाश एकदम वाढतो. संकेत फार क्षीण असल्याने लेसरचे स्पंद पिकोसेकंद (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) किंवा त्याहून छोटे लागतात.

स्टिकरसारख्या रेणूंची शेपटी ताठ आहे की वाकडी हेही यात कळते. ताठ शेपटीतले शेजारशेजारचे CH₂ गट एकमेकांना खोडतात, त्यामुळे २८५० तरंगांकाजवळची त्यांची रेषा मावळते आणि टोकाच्या CH₃ ची २८७५ जवळची रेषा उठून दिसते. शेपटी वाकली की २८५० ची रेषा पुन्हा डोके काढते. पाण्याच्या उघड्या पृष्ठावर ३७०० जवळ एक अणकुचीदार रेषा मिळते. ती हवेत मोकळ्या राहिलेल्या OH बंधाची. शेन यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवले की पृष्ठावरच्या २० टक्क्यांहून अधिक रेणूंचा एक हात असा रिकामा असतो.

प्रत्यक्ष केळीचे पान मात्र या यंत्राखाली सहसा कामाचे नाही. ते खडबडीत असल्याने प्रकाश विखुरतो, शिवाय स्पंदांनी पान भाजण्याची भीती. त्यामुळे अशा प्रश्नांसाठी सपाट काचेवर मेणासारख्या रेणूंचा पातळ थर चढवून काम करणे सोयीचे पडते.

शेवभाजीवरच्या तर्रीसारखी तेल-पाण्याची सीमा आणखी अवघड, कारण ती दोन्हीकडून झाकलेली. पाणी अवरक्त प्रकाश गिळते, आणि खाद्यतेलात CH बंध ठासून भरलेले असल्याने तेही नेमक्या त्याच पट्ट्यात प्रकाश अडवते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेराल्डिन रिचमंड यांच्या गटाने तेलाच्या जागी कार्बन टेट्राक्लोराइड घेतले. त्यात CH नाही, OH नाही, म्हणून किरण थेट सीमेपर्यंत पोचला. तिथले पाण्याचे रेणू एकमेकांना सैल धरून, पण ठरावीक दिशेला तोंड करून असल्याचे आढळले.