लंडनचं लिंक्स: स्पर्धकांच्या मालकीचा स्विच

१९९४ साली लंडनमधल्या एका कंपनीच्या इंटरनेट ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला ईमेल पाठवला, तर तो अनेकदा अमेरिकेला जाऊन परत यायचा. दोघांची ऑफिसं एकाच रस्त्यावर असली तरी! ब्रिटनमधल्या सेवा कंपन्यांनी अमेरिकेपर्यंत लाइन भाड्याने घेतल्या होत्या, आपसांत मात्र धड जोडणी नव्हती. अटलांटिकखालच्या त्या लाइनचं भाडं अवाच्या सवा.

पाइपेक्स या इंटरनेट सेवा कंपनीचे कीथ मिचेल यांनी बीटी (ब्रिटिश टेलिकॉम) या बड्या टेलिफोन कंपनीकडे इथल्या इथे जोडणी करण्याचा विषय काढला. काही आठवड्यांत डीमन, यूकेनेट या सेवा कंपन्या आणि विद्यापीठांचं जॅनेट नेटवर्क हेही आले आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये लंडन इंटरनेट एक्सचेंज, म्हणजे लिंक्स, सुरू झालं. करारमदार काही नाही. डॉकलंड्समधल्या टेलिहाउस इमारतीत बहुतेकांची यंत्रं आधीच होती. तिथेच पाइपेक्सने दिलेला सिस्कोचा कॅटलिस्ट १२०० स्विच बसवला. आठ पोर्ट, प्रत्येकी सेकंदाला १० मेगाबिट. आज घरातलं वायफायसुद्धा याहून वेगवान असतं.

स्विचचं काम तसं साधं. प्रत्येक सदस्य आपल्या राउटरची केबल त्यात आणून लावतो आणि बीजीपी या राउटरांच्या ठरलेल्या भाषेत इतरांना कळवतो की अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, तिकडचा डेटा मला द्या. हेच पिअरिंग. कोणाशी करायचं, कोणाशी नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एक्सचेंज त्यात पडत नाही.

खरी मेख मालकीत आहे. १९९५ मध्ये सदस्यांनी लिंक्सची रीतसर कंपनी केली, पण भागभांडवल नसलेली. शेअर नाहीत म्हणजे लाभांश नाही, आणि कोणी ती गुपचूप विकतही घेऊ शकत नाही. सहकारी साखर कारखान्यासारखं एक सभासद, एक मत: बीटीचं जेवढं, तेवढंच चार खोल्यांतून चालणाऱ्या कंपनीचं. हाच स्विच बीटीने एकटीने बसवला असता, तर प्रतिस्पर्धी आपला डेटा त्यातून न्यायला किती राजी झाले असते, शंकाच आहे.

अमेरिकेत मात्र मोठी एक्सचेंजं डेटा सेंटरवाल्या कंपन्यांच्या हाती गेली. लिंक्सने २०१४ मध्ये उत्तर व्हर्जिनियात स्वतःचं एक्सचेंज काढलं, ते याच पार्श्वभूमीवर.

भारतात २००३ मध्ये निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया) स्थापन झाली, तीही ना-नफा कंपनी, पण सरकारच्या पुढाकाराने. मुंबईतही तिचं केंद्र आहे. तिथे बरीच वर्षं डेटा मागवणाऱ्याने पाठवणाऱ्याला पैसे द्यायचे, असा हिशेब होता. छोट्या सेवा कंपन्यांचे ग्राहक मुख्यतः डाउनलोडच करणार, त्यामुळे जोडून घेण्याचा भुर्दंड त्यांच्यावरच पडायचा.