मोबाइल मेल सर्व्हर टेस्टिंगमधून लाइव्हला नेणं : पार्श्वभूमी

मेल सर्व्हर टेस्टिंगमधून लाइव्हला, म्हणजे चाचणीतून रोजच्या खऱ्या वापरात, घ्यायचा म्हटलं की इंदूरच्या आयटी विभागांतली जुनी मंडळी आजही आधी शनिवारची रात्र मागून घेतात. नव्या मुलांना याचं नवल वाटतं. व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या संगणकाची) प्रत काढली, आयपी म्हणजे जाळ्यावरचा पत्ता बदलला, सुरू केलं. त्याला अख्खी रात्र कशाला? साध्या वेबसाइटपुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. मोबाइलवर मेल पोचवणाऱ्या सर्व्हरला मात्र ते लागू पडत नाही, आणि त्याची कारणं वीस-पंचवीस वर्षं मागची आहेत.

जानेवारी १९९९ मध्ये कॅनडाच्या रिसर्च इन मोशन कंपनीनं ब्लॅकबेरीची मेलसेवा सुरू केली. तेव्हाचं यंत्र म्हणजे कळफलक लावलेला पेजरच होता. खुबी होती ती मेल पोचवण्याच्या पद्धतीत. फोननं सर्व्हरला सारखं विचारत बसायचं नाही. मेल आली की तीच फोनकडे ढकलली जाणार. त्यासाठी कंपनीच्या स्वतःच्या ऑफिसात, एक्सचेंज किंवा लोटस डॉमिनो या मेल सर्व्हरच्या शेजारी ब्लॅकबेरी एंटरप्राइझ सर्व्हर बसवायचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘बेस’ म्हणत. हा बेस ३१०१ क्रमांकाच्या पोर्टवरून (जोडणीच्या दारातून) आतून बाहेर जोडणी करी, ती कायम उघडी ठेवी आणि त्याच वाटेनं मेल दोन्हीकडे जात. बाहेरून आत येणारं एकही दार उघडावं लागत नसे, म्हणून सुरक्षेवाले खूश असत.

पण या रचनेत एक मेख होती. प्रत्येक बेसला रिसर्च इन मोशनकडून एक ओळख-क्रमांक आणि एक किल्ली मिळे. त्या क्रमांकाचं ‘एसआरपी आयडी’ हे नाव त्या काळात काम केलेल्यांच्या तोंडात अजून आहे. हा क्रमांक एका वेळी एकाच सर्व्हरनं वापरायचा. तोच क्रमांक घेऊन दोन सर्व्हर उभे राहिले की दोघं एकमेकांना ढकलून आत शिरू बघत, आणि एका मिनिटात पाच वेळा अशी जोडणी-तोडणी झाली की कॅनडाकडून तो क्रमांकच बंद पडे. मग फोन करून, पडताळणी करून तो पुन्हा चालू करून घ्यायचा, आणि तोवर कंपनीतल्या कुणाच्याच फोनवर मेल नाही.

म्हणजे टेस्टिंगचा बेस कधी खऱ्या अर्थानं वेगळा नव्हताच. तो खोलीत कोपऱ्यात ठेवा, जाळ्याच्या वेगळ्या स्विचवर ठेवा. मेल फोनपर्यंत जायची तर पहिल्या दिवसापासून त्याला बाहेरच्या खऱ्या जाळ्याशीच बोलावं लागे. माझ्या मते या स्थलांतरातली निम्मी डोकेदुखी इथं उगम पावते. मशीन हलवायचं नसतंच, हलवायची असते ती बाहेर नोंदलेली ओळख.

भारतात एअरटेलनं २००४ मध्ये ब्लॅकबेरी आणला. इंदुरात पिथमपूरचे कारखाने, औषध कंपन्या, सोया तेलाचे व्यापारी यांच्याकडे तो हळूहळू पोचला. संचालक मुंबई-दिल्लीच्या विमानात, कारखाना धार जिल्ह्यात, हेड ऑफिस पलासियात. अशांना हातातली मेल म्हणजे चैन नव्हती. बेस बसवणारी माणसं बहुतेक इथलीच, जीएसआयटीएस या इंजिनीअरिंग कॉलेजातून शिकलेली, त्यांत रामबागेतल्या मराठी घरांतले पुष्कळ. सुरुवात सर्रास अशी होई : आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून रॅम वाढवून आणलेला एखादा जुना डेस्कटॉप, त्यावर बेस आणि फुकटचा एमएसडीई डेटाबेस, आणि ‘फक्त चाचणीसाठी’ चार-पाच वरिष्ठांचे फोन. चाचणी यशस्वी झाली की फोन पन्नास होत आणि डेस्कटॉप तोच राही. एमएसडीईची मर्यादा दोन जीबीची. ती जवळ आली की मग खऱ्या सर्व्हरवर न्यायची घाई सुरू.

तेव्हा वाटा दोन होत्या. एक, तोच डेटाबेस आणि तोच एसआरपी क्रमांक नव्या मशीनवर न्यायचा. जुना बंद केल्यावाचून नवा चालू करायचा नाही. याला ‘नाइफ-एज कटओव्हर’ म्हणत. फोनला हातही लावावा लागत नसे, पण चाचणीच्या काळातला सगळा केरकचरा सोबत येई. दुसरी वाट म्हणजे नवा क्रमांक, नवा डेटाबेस, सगळं स्वच्छ. मग प्रत्येक फोन पुसून नव्यानं जोडायचा. फोनवाला साहेब सुरतेला गेलेला असला तरी. २००९ मध्ये बेसची पाचवी आवृत्ती आली, तिच्यासाठी ट्रान्सपोर्टर नावाचं साधन निघालं, आणि एका डेटाबेसमधून दुसऱ्यात माणसं फोन न पुसता नेता येऊ लागली. ज्यांनी त्याआधीची स्थलांतरं केली त्यांनाच या साधनाची किंमत कळते.

फोन नव्यानं जोडण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. अ‍ॅडमिननं, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यानं, सर्व्हरवर एक पासवर्ड द्यायचा. तो मुळात ४८ तास चाले. वापरणाऱ्यानं फोनवर आपला मेलचा पत्ता आणि तो पासवर्ड टाकायचा. मग त्याच्या मेलबॉक्समध्ये ‘ईटीपी डॉट डॅट’ नावाची जोडफाइल असलेली एक मेल येई, आणि ती पाहून बेस पुढची बोलणी सुरू करी. टेस्टिंगमध्ये हे बिनबोभाट चाले. लाइव्हमध्ये मेल आधी अँटिव्हायरसच्या गेटवेतून येई. त्याला ती जोडफाइल संशयास्पद वाटे आणि तो ती काढून टाकी. फोनवर नुसतं ‘अ‍ॅक्टिव्हेटिंग’ फिरत राही.

दुसरा घोळ ‘सेंड अ‍ॅज’ परवानगीचा. वापरणाऱ्याच्या नावानं मेल पाठवायला बेसच्या खात्याला ही परवानगी लागे, आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सचेंजमध्ये तिचा नियम कडक केला. शिवाय अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या खात्यांच्या नोंदवहीत, डोमेन अ‍ॅडमिनसारख्या जास्त अधिकारांच्या गटांतल्या खात्यांच्या परवानग्या दर तासाला मूळपदावर आणल्या जातात. परवानगी द्यावी, मेल जावी, तासाभरात पुन्हा बंद. अशा वेळी सेक्रेटरीचा फोन ठरलेला : “अहो दादा, साहेबांना मेल येतायत, पण त्यांच्याकडून जात नाहीयेत!” साहेबांचं खातं कुणीतरी कधीकाळी अ‍ॅडमिन गटात टाकून ठेवलेलं असे.

चाचणी आणि प्रत्यक्ष यांतलं हे अंतर छोट्या ऑफिसांपुरतं नव्हतं. एप्रिल २००७ मध्ये उत्तर अमेरिकेतली ब्लॅकबेरी सेवा रात्रभर कोलमडली. कॅशेची (तात्पुरत्या साठ्याची) कामगिरी सुधारण्यासाठी घातलेला एक किरकोळ प्रोग्रॅम त्याला कारण ठरला आणि त्याची आधीची चाचणी अपुरी पडली, असं कंपनीनंच सांगितलं. १० ऑक्टोबर २०११ ला युरोप, आखात, आफ्रिका आणि आपल्याकडेही मेल थांबल्या, नंतर ते लोण अमेरिकेपर्यंत गेलं आणि तीन दिवस चाललं. कंपनीच्या जाळ्यातला मुख्य स्विच बिघडला होता. पर्यायी स्विचकडे काम आपोआप जायला हवं होतं, पण चाचणीत गेलं तसं ते प्रत्यक्षात गेलं नाही. त्या दिवसांत इंदूरच्या किती अ‍ॅडमिननी आपला धडधाकट सर्व्हर विनाकारण पुन्हा पुन्हा सुरू केला असेल!

दरम्यान ब्लॅकबेरीला वगळून जाणारी वेगळी वाट तयार झाली होती. ऑक्टोबर २००५ मध्ये एक्सचेंज २००३ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनं (सुधारणांच्या संचानं) ‘डायरेक्ट पुश’ आणलं. जुलै २००८ पासून आयफोनही त्यावर चालू लागला. मध्ये कॅनडा नाही, ओळख-क्रमांक नाही. फोन थेट ४४३ पोर्टवरून आपल्या एक्सचेंजशी बोलणार. मार्च २०१० मध्ये रिसर्च इन मोशननं ‘बेस एक्स्प्रेस’ ही बेसची आवृत्ती फुकट देऊ केली, पण वारं फिरलं होतं.

ओळखीचा प्रश्न मात्र सुटला नाही, फक्त जागा बदलली. आता ओळख म्हणजे सर्व्हरचं नाव आणि त्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ते नाव खरं असल्याची डिजिटल हमी. टेस्टिंगमध्ये स्वतःच बनवलेलं घरगुती प्रमाणपत्र चालवून घेतलेलं असे, लाइव्हच्या नावाशी ते जुळत नसे आणि फोन जोडणीच नाकारत. त्याहून छुपी अडचण फायरवॉलची, म्हणजे जाळ्याच्या वेशीवरच्या पहारेकऱ्याची. डायरेक्ट पुशमध्ये फोन एक विनंती पाठवतो आणि सर्व्हर ती हातात धरून ठेवतो. मेल आली तर उत्तर देतो, नाहीतर ठरलेली मुदत संपेपर्यंत गप्प. टेस्टिंग ऑफिसच्या वाय-फायवर झालेलं, तिथं मध्ये फायरवॉल नाही. लाइव्हमध्ये फायरवॉल काही मिनिटांची शांतता पाहून जोडणी तोडून टाकी, मग फोन मुदत आखडती घेई, पुन्हा पुन्हा जोडी, आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी संपे. ही सरासरी मुदत ५४० सेकंदांच्या खाली गेली की एक्सचेंज ३०३३ क्रमांकाचा इशारा नोंदवी. फायरवॉलची मुदत ३० मिनिटं ठेवा असा मायक्रोसॉफ्टचा सल्ला होता. लोक मात्र फोनच्या बॅटऱ्या बदलत राहिले.

४ जानेवारी २०२२ ला जुन्या ब्लॅकबेरी फोनांची सेवा बंद झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टनं क्लाउडवरच्या एक्सचेंजमध्ये नुसत्या नाव-पासवर्डची जोडणी बंद करायला घेतली. १४ ऑक्टोबर २०२५ ला एक्सचेंज २०१६ आणि २०१९ चा आधार संपला, त्यामुळे ज्यांनी अजून स्वतःच्या आवारात सर्व्हर ठेवला आहे त्यांच्याकडे पुन्हा नवा सर्व्हर टेस्टिंगला लागतो आहे. अशा कामात मी एक अट लेखी घालतो : चाचणीचे फोन वाय-फाय बंद ठेवून, सिमच्या डेटावर, त्याच फायरवॉलमधून आणि लाइव्हला असेल त्याच तऱ्हेच्या प्रमाणपत्रावर निदान एक पूर्ण कामाचा दिवस चालवायचे, आणि त्यातला एक फोन अ‍ॅडमिन गटाबाहेरच्या माणसाचा असायचा.