यादी आहे, पण ती पोलिसांची

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या तोंडावर आमच्या देवगडकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. सरकारने लैंगिक गुन्हेगारांची यादी ऑनलाइन टाकली आहे, आपल्या गावाचं नाव घालून बघा. खाली लिंक. मी ती उघडली तर अमेरिकेची साइट निघाली. तोवर एका काकांनी तिथल्या पाच आकडी चौकटीत आपला सहा आकडी पिनकोड कोंबून पाहिला होता आणि काही सापडलं नाही म्हणून 'आपला गाव स्वच्छ' असं जाहीरही केलं होतं.

अमेरिकेतली यादी मालिका-सिनेमांत सगळ्यांनी पाहिलेली असते. शेजाऱ्याचं नाव टाकायचं की फोटो, पत्ता, गुन्हा समोर. त्यामागची यंत्रणा मात्र दिसत नाही. २००६ च्या केंद्रीय कायद्याने तिथे दोषींच्या तीन पायऱ्या केल्या. पहिलीवाला १५ वर्षं यादीत राहतो आणि वर्षातून एकदा स्वतः हजेरी लावतो. दुसरीवाला २५ वर्षं, दर सहा महिन्यांनी. तिसरीवाला जन्मभर, दर तीन महिन्यांनी. घर किंवा नोकरी बदलली की कामाच्या तीन दिवसांत कळवायचं, नाही कळवलं तर तो वेगळा गुन्हा. राष्ट्रीय साइट स्वतः काही साठवत नाही, राज्याराज्यांच्या याद्यांत शोधून देते. काही राज्यं खालच्या पायरीची नावं साइटवर दाखवतही नाहीत. म्हणजे 'नाव नाही' याचा अर्थ 'गुन्हा नाही' असा तिथेसुद्धा होत नाही.

आता जिथे सगळे घसरतात ती जागा. यादी ठेवणं वेगळं आणि यादी उघडणं वेगळं. अमेरिकेतही केंद्राने ही पावलं एका दमात टाकली नाहीत. १९९४ च्या कायद्याने राज्यांना नोंद ठेवायला लावली. ती माहिती लोकांना देण्याची सक्ती १९९६ च्या 'मेगन कायद्या'ने आली. ब्रिटनमध्ये नोंद आहे, पण सरसकट खुली नाही. मुलाच्या आसपास वावरणाऱ्या एखाद्याबद्दल पालक पोलिसांकडे विचारणा करू शकतात, आणि काय सांगायचं ते पोलीस ठरवतात.

आपण पहिलं पाऊल टाकलं, दुसरं नाही. २० सप्टेंबर २०१८ ला केंद्रीय गृह मंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस सुरू केला. तो एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्राची संस्था, सांभाळते. सुरुवातीलाच त्यात ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे, सगळं आहे, पण बघायची मुभा फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना. तुम्हाला, मला, मुख्याध्यापकांना, सरपंचांना नाही. सुटून आलेल्याने दर तीन महिन्यांनी ठाण्यात हजेरी लावायची, असलं बंधनही या यादीतून येत नाही. त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात, ऑनलाइन तक्रारीचं सायबरक्राइम पोर्टलही सुरू झालं, आणि ते मात्र लोकांसाठी होतं. गोंधळाचं मूळ तिथेच असावं, असं मला वाटतं.

'मग आपलीही उघडा की,' असं म्हणणाऱ्यांनी आपली वाडी डोळ्यांसमोर आणावी. वीस-पंचवीस घरं, सगळी एका आडनावाची. दोषी मुलीचा काका निघाला आणि त्याचं नाव, वाडी, फोटो साइटवर गेला, तर ती मुलगी कोण हे शोधायला कुणाला किती वेळ लागेल? पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ बातम्यांमध्ये पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. अशा वाडीत दोषीचं नाव छापणं म्हणजे जवळपास मुलीचंच नाव छापणं. शहरातल्या टॉवरमध्ये कदाचित खपेल, इथे नाही. म्हणून मला बंद यादीच बरी वाटते, आणि हे मी सभेत बोलले तेव्हा चार जणांनी तोंडं वाकडी केली.

दुसरी एक गोष्ट डोक्यात जाते. यादी हवी असते ती नेमकी कुणासाठी? हापूसच्या बागेतल्या नेपाळी राखणदारासाठी, होडीवरच्या बाहेरच्या खलाशासाठी. काका-मामा-शिकवणीवाले सरांसाठी कुणीच मागत नाही. एनसीआरबीचे बलात्काराचे आकडे वर्षानुवर्षं हेच सांगतात की नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. आणि ज्याच्यावर अजून तक्रारच झालेली नाही, तो उघड्या यादीतही नसतो आणि बंद यादीतही.

राहिला चारित्र्य पडताळणीचा दाखला. तो बहुतेकांनी कधी ना कधी काढलेला असतो, त्यामुळे कसा काढायचा ते सांगत बसत नाही. एवढंच की दाखला म्हणजे यादी नव्हे. तो एका माणसाचा, त्या तारखेपर्यंतचा कागद. पण आपल्या हातात जे येतं ते हेच. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे: मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची, कंत्राटी असला तरी. २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर राज्य सरकारनेही शाळांना हेच पुन्हा बजावलं.

ठरावीक काळाने. आमच्या शाळेच्या फायलीत एक दाखला सहा वर्षांपूर्वीचा निघाला. व्हॅनच्या नेहमीच्या ड्रायव्हरचा कागद नीट होता, पण तो भजनाच्या बारीला गेला की गाडीवर त्याचा मेहुणा येतो. मेहुण्याचा दाखला कुठे, असं विचारलं तर म्हणाले, "अहो, तो आपल्यातलाच आहे."