पेरूत आळी येते कुठून?

बेळगावात पाऊस धरला की शहापूर-वडगावच्या परसांतले पेरू पिकायला लागतात आणि वरून गोमट्या दिसणाऱ्या फळातही आळी निघते. पाणी शिरून किडे झाले, असं कुणी म्हणतं. कुणी दृष्ट लागली म्हणून झाडाला जुनी चप्पल बांधतं. आळी आपोआप होत नाही. फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते, आणि चप्पल तिला अडवत नाही.

टाचणी टोचल्यासारखं छिद्र आणि भोवती पाणचट, मऊ डाग ही तिची खूण. तिथे कापलं की पांढरी, बिनपायाची आळी दिसते. पूर्ण वाढलेली आळी अंगाची कमान करून टणकन उडते. तिला मातीत जाऊन कोष करायचा असतो. डाग तांबूस, खरखरीत असेल आणि आत आळी नसेल, तर तो बुरशीचा देवी रोग. तिथे फळमाशीचा सापळा कामाचा नाही.

सापळ्यातलं आमिष म्हणजे मिथाइल युजेनॉल. फळमाशीच्या नरांना ते ओढतं, हे बिहारमधल्या पुसा इथले कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी 1915 साली दाखवलं. तुळशीतही ते असतं. नर ते चाटून खातो, शरीरात त्याचं रूपांतर होऊन ते गुदाजवळच्या ग्रंथीत साठतं आणि तिन्हीसांजेला मीलनाच्या वेळी त्याचा गंध सुटतो. असा नर मादीला जास्त भावतो. म्हणून सापळ्यात नरच सापडतात, मादी नाही! एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे थोडे नर उरले तरी अंडी पडतच राहतात. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर 1960च्या दशकात याच आमिषाने माशी संपवली, पण तिथे चहूबाजूंनी समुद्र होता. आपल्या परसात माशी शेजारच्या झाडावरून येते. ‘एक सापळा, शंभर टक्के संरक्षण’ ही जाहिरात खोटी आहे.

हीच माशी आंब्यातही अंडी घालते, म्हणून सापळे गल्लीने मिळून, आंबा पिकण्याआधीच, सावलीत चार-पाच फुटांवर टांगावेत. ल्यूर, म्हणजे सापळ्यातलं आमिष, दीड-दोन महिन्यांनी बदलावा. फळ लिंबाएवढं, टणक असतानाच कागदी पिशवी घालून देठाशी घट्ट बांधावी. फट राहिली तर माशी आत जाते. पडलेली फळं रोज उचलून बंद प्लास्टिक पिशवीत उन्हात ठेवावीत, उकिरड्यावर टाकू नयेत. झाडाखालची माती वरचेवर हलवली की कोष उघडे पडतात, कोंबड्या ते वेचतात. एवढं जमत नसेल तर पेरूचा फेब्रुवारी-मार्चचा फुलोरा, म्हणजे आंबे बहार, खुडून पावसाच्या सुरुवातीचा मृग बहार धरावा. त्याची फळं थंडीत येतात, तेव्हा माशी कमी असते.