हॉट फ्लॅश की पॅनिक अटॅक? थेरपिस्टने पंखा बंद करायला सांगायच्या आधी

पंचेचाळीस-पन्नाशीतली बाई सेशनला येते आणि म्हणते, मला पॅनिक अटॅक येतायत. आपण थेरपिस्ट मंडळी लगेच मान डोलावतो, कारण छातीत धडधड, दरदरून घाम, एकदम जीव घाबराघुबरा, सगळं जुळतंच ना. पाळीचं काय चाललंय हे मात्र विचारायचं राहून जातं. खरं सांगते, मीही कित्येक वर्षं नाही विचारलं.

आणि विचारलं, ती म्हणाली "येते की अजून", तरी मेनोपॉजचा विषय तिथेच संपवू नका. सलग १२ महिने पाळी आली नाही की मग मागे वळून म्हणायचं, हा मेनोपॉज झाला. त्याआधीचा पेरिमेनोपॉज काही वर्षं चालतो, पाळी पुढेमागे होत का होईना येत असते आणि वाफा, म्हणजेच हॉट फ्लॅश, यायला तेव्हाच सुरुवात होऊ शकते. हार्मोन्स या काळात आज वर तर उद्या खाली, म्हणून पंचेचाळिशीनंतर डॉक्टर सहसा एका ब्लड टेस्टपेक्षा लक्षणांवरूनच ठरवतात. टेस्ट नॉर्मल आली म्हणजे "सगळं मनाचंच आहे" असं होत नाही.

आता दोन्हींतला फरक. हॉट फ्लॅशमध्ये आधी गरम होतं. चेहरा, मान, छाती एकदम तापते, लाल होते, घाम फुटतो, काही मिनिटांत ओसरतं आणि मग बऱ्याचदा थंडी वाजते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचा थर्मोस्टॅट असतो, इस्ट्रोजेन हे हार्मोन घसरलं की तो नको इतका हळवा होतो, तापमान जरासं वर गेलं तरी "फार गरम झालंय" म्हणून सगळी यंत्रणा कामाला लावतो. धडधड त्यातलीच. पॅनिकमध्ये कारभार भीतीचा. श्वास पुरत नाही, हातपाय मुंग्यांनी भरतात, मी आत्ता मरणार किंवा मला वेड लागणार असं वाटतं, आणि हे सगळं काही मिनिटांत शिगेला जातं.

पुस्तकात हे फार स्वच्छ दिसतं, समोरच्या खुर्चीत नाही. काही जणींना वाफ यायच्या आधी काही क्षण उगाचच कसंतरी होतं, म्हणजे आधी काय आलं यावरही पूर्ण भरवसा नको. मला जास्त उपयोगी पडतो तो प्रश्न वेगळाच: त्या वेळी मनात काय चाललं होतं? "सगळ्यांना माझा घाम दिसतोय" आणि "माझं हृदय बंद पडणार" ही दोन वेगळी घरं आहेत. दोन आठवडे वेळ, गरम झालं का, भीती किती, कॉफी-दारू घेतली होती का, एवढंच लिहून आणायला सांगा, चित्र बरंच साफ होतं.

पण हा फरक करायचा कशाला, सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी, तर दोन्हीला चालते? इथेच तर खरी गोम आहे, कारण पॅनिकमध्ये आपण क्लायंटला सांगतो की पळू नका, खिडकीजवळची जागा शोधू नका, पंखा लावून सुटका करून घेऊ नका, उलट मुद्दाम धडधड वाढवून बघा म्हणजे कळेल की काही होत नाही. हॉट फ्लॅशवाल्या बाईला हेच सांगितलं तर तो निव्वळ छळ आहे हो! तिचा पंखा म्हणजे पंखाच, त्याला सेफ्टी बिहेवियर, म्हणजे भीतीतून सुटायची पळवाट, म्हणून वहीत टिपू नका. तिला सांगायचं ते असं की सुती कपडे घाला, वरचा थर काढा, गार पाणी प्या, आणि मग काम होतं ते विचारांवर, लाजेवर, मीटिंग टाळण्यावर, झोपेवर. मानसशास्त्रज्ञ मायरा हंटर आणि सहकाऱ्यांच्या मेनॉस २ या २०१२ च्या ट्रायलमध्ये ग्रुपमधली आणि स्वतः पुस्तक वाचून केलेली, दोन्ही प्रकारची सीबीटी उपयोगी ठरली. पण कमी झालं ते वाफांचा त्रास वाटणं, वाफा बंद होणं नव्हे, म्हणून क्लायंटला "फ्लॅश बंद होतील" असं आश्वासन देऊ नका, "सोसणं सोपं होईल" म्हणा.

दोन्ही एकत्रही असतात, आणि ते सगळ्यात चिवट. रात्री घामाने जाग येते, धडधड ऐकून भीती बसते, भीतीने झोप उडते, दुसऱ्या दिवशी चिडचिड, आणि रात्री अंथरुणावर पडतानाच धास्ती. अशा वेळी आधी झोप धरा. पॅनिकचा एक्सपोजर, म्हणजे भीतीला मुद्दाम सामोरं जायचा सराव, करायचाच असेल तर भीती ज्या धडधडीची आहे तिचा करा, उकाड्याचा नको.

आणि धडधडीचं निदान आपण करायचं नाही. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली तरी घाम आणि धडधड होते, म्हणून डॉक्टरकडे एकदा तपासणी हवीच. हार्मोन थेरपी घ्यायची का हेही तिने डॉक्टरशीच बोलावं, आपण फार तर प्रश्नांची यादी करायला मदत करायची. छातीत दाब, हात किंवा जबड्यात कळ, असं असेल तर सेशन तिथेच थांबवा, वही मिटा आणि तातडीची मदत बोलवा.